माउस धरणाऱ्यानं बोलायचं नाही

मंगल,

तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. सगळे सांगतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. चांगलं मी लिहीन, पण आधी रागाचं लिहिते. चांगलं बोलणारे सध्या बरेच निघालेत आणि त्यातल्या काहींना मी जवळून ओळखते.

आपल्या शाळेत कॉम्प्युटर आले तो दिवस घे. खोकी ट्रॅक्टरमधून उतरली. हेडमास्तरांनी नारळ फोडला, पडद्यावर हळदीकुंकवाचं बोट ओढलं, प्लास्टिकची कव्हरं घातली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. पोरांना खिडकीतून दाखवायचे. एकेका वर्गाला रांगेनं. तेवढ्यासाठीसुद्धा चपला काढायला लावायचे. तू हिंगोलीहून प्रशिक्षण करून आलीस आणि रोज सकाळी त्यांच्या टेबलापुढं उभी राहायला लागलीस. काही बोलायची नाहीस, नुसती उभी. शेवटी ते कंटाळले आणि किल्ली तुझ्याकडं आली, "बिघडलं तर जबाबदारी तुमची, मॅडम," असं बजावून.

माझा चौथीचा वर्ग भिंतीपलीकडं होता, आणि वर पत्रा. तुझ्या पोरांचा सगळा गोंधळ पत्र्याखालून माझ्या वर्गात यायचा. "दे ना बे." "माझा नंबर हाय." "सरक तिकडं." "मॅडम, हा सोडून न्हाई राहिला." मी पाढे म्हणून घ्यायचे आणि मध्येच पलीकडून "दाब, दाब, दाब" असा ओरडा. संध्याकाळी जीपमध्ये मी तुला म्हणाले होते, हे शिकणं नाही मंगल, हा आठवडी बाजार आहे. तू म्हणालीस, "बाजारात बी माणूस हिशेब शिकतो. तू एक दिवस येऊन बस तर."

मी आले ते भांडायलाच आले होते. तू पोरांच्या मागं, भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होतीस. उजळणी नाही, सूचना नाही. एका पडद्यापुढं तीन-चार लेकरं, आणि त्यांची मॅडम मागं गप्प. मला वाटलं, तुला जमत नाहीये म्हणून तू सोडून दिलंस. तू ऐकत होतीस, हे समजायला मला बरेच दिवस लागले.

परतताना जीपमध्ये, गोरेगावपासून सेनगावपर्यंत, मग तू मला पोरांची सोंगं करून दाखवायचीस. किराणा दुकानवाल्यांचा संदीप कसा माउस छातीशी धरून बसतो. बौद्धवस्तीवरचा मिलिंद कसा त्याच्या कानाशी लागून बरोबर उत्तर सांगतो आणि ते संदीपच्या नावावर जातं. तांड्यावरची सविता कशी दोघांच्या मागं उभी राहून टाचा उंचावते. जीपमधल्या बायका हसायच्या. ड्रायव्हर आरसा फिरवून बघायचा. तू मात्र हसता हसता थांबायचीस आणि म्हणायचीस, "तीन लेकरं हायत, पण बोलून एकच राहिलं."

दुसरी तक्रार तुझी उलटी होती. पाचवीतल्या मुलींचा एक गट भांडायचाच नाही. एक म्हणाली हे दाबू, की दुसऱ्या दोघी "हो, दाब." चुकलं तरी तिघी खूष. मी म्हणाले, बघ, किती गुणी आहेत. तू चिडलीस. म्हणालीस, "भांडत बी न्हाईत आन् इचार बी करत न्हाईत. एकमेकींचं मन सांभाळून राहिल्यात नुसतं." तुला तिसरंच काही हवं होतं. एकानं म्हणावं असं करू, दुसऱ्यानं विचारावं काहून, आणि पहिल्यानं ते सांगावं. न रागावता. एवढ्यासाठी तू दिवसभर सतरंजीवर बसून राहायचीस. कधी ऐकू यायचं, कधी वीज जायची.

मग तू नियम काढलास. माउस धरणाऱ्यानं बोलायचं नाही. बाकीच्यांनी आपसांत ठरवायचं, आणि सगळ्यांचं जमल्याशिवाय त्यानं बोट हलवायचं नाही. आणि कुणीही कुणालाही काहून विचारलं, की त्याला सांगावंच लागेल. संदीप दोन दिवस रुसला. माउस हातात असून बोलायचं नाही, हे त्याच्या डोक्यातच शिरेना. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून माउस मिलिंदच्या हातात दिला, म्हणजे बोलता तरी येईल.

त्या दिवशी मी तिथं होते, आणि ते मी विसरणार नाही. पडद्यावर तराजू होता. एका पारड्यात पोती, दुसऱ्यात वजनं टाकायची. संदीप म्हणाला, दुकानात रोज पाहतो, मोठं वजन टाक. सविता मागून तिच्या चुलत बहिणीला त्यांच्या गोरमाटी बोलीत हळूच काहीतरी म्हणाली. दोन वर्षं ती तुझ्या वर्गात होती. हजेरीच्या वेळचा "हजर" सोडून आपण तिचा आवाज ऐकला नव्हता. मिलिंदचं बोट माउसवर थांबलेलं, कारण सगळ्यांचं जमलं नव्हतं. संदीपला मागं वळावंच लागलं.

"काय म्हणून राहिली? आमाला बी सांग."

सविता खाली बघत म्हणाली, "मोठं टाकलं त पलटून जाईल."

"काहून?"

"ते पोतं अर्धच भरेल हाय. पाह्य ना."

तिघांनी पडद्याला नाक लावून पाहिलं. पोतं खरंच अर्धं होतं. संदीप म्हणाला, "हां, बराबर हाय. लहान टाक रे." तू माझ्याकडं बघितलंस. तोंडावर हसू नव्हतं, डोळे भरले होते. मंगल, तेव्हा मी हरले होते, आणि हरल्याचा मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही. त्यानंतर माझी चौथीची पोरं मी भिंतीपलीकडं तुझ्याकडं पाठवायला लागले. दिवाळीपर्यंत संदीप गोरमाटीत दहापर्यंत मोजायला लागला होता. सविता त्याचे उच्चार दुरुस्त करायची आणि तो ऐकायचा. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते तुझ्यामुळं. त्याचं ऋण आहेच.

पण मग तो नकाशा.

चित्रं काढायच्या त्या प्रोग्रॅममध्ये गावाचा नकाशा काढायला तू सांगितलंस. साधा भूगोलाचा पाठ. तिघांनी आधी मंदिर काढलं, मग शाळा, बसथांबा, संदीपचं दुकान, शाळा समितीच्या अध्यक्षांचं माडीचं घर. पडदा भरून गेला. मिलिंद म्हणाला, वस्ती राहिली. संदीप म्हणाला, आता जागा कुठं हाय. सविता म्हणाली, तांडाही राहिला. त्यावर संदीपनं सगळे मोठे म्हणतात तेच म्हटलं, तांडा गावात येत न्हाई.

"मंग आमी गावातल्या शाळेत काहून येतो?" सविता म्हणाली.

हा वाद किती दिवस चालला, आठवतं? वीज असेल तेव्हा पडद्यापुढं आणि नसेल तेव्हा लिंबाच्या झाडाखाली. संदीप घरून विचारून यायचा, सविता तिच्या बापाला विचारून यायची. मी तुला जीपमध्ये म्हणाले, थांबव आता, हे नकाशाचं राहिलं नाही. तू म्हणालीस, मी मध्ये पडले तर ते माझं उत्तर होईल, त्यांचं नाही. शेवटी तोड काढली ती संदीपनंच. घरं लहान करू. सगळीच. त्यानं आधी आपलं दुकान पुसलं आणि बोटाच्या पेराएवढं नवं काढलं. मग माडीचं घर. मग कडेला वस्ती बसली, ओढ्यापलीकडं तांडा बसला, आणि मधून रस्ता काढता आला.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर शाळा समितीचे अध्यक्ष कॉम्प्युटरची खोली बघायला आले. हेडमास्तर पुढं पुढं. पोरांनी मोठ्या हौसेनं नकाशा उघडला. अध्यक्षांनी चष्मा लावून आपलं घर शोधलं.

"आमचं घर एवढंसंच काय रे?"

संदीप म्हणाला, "सगळ्यायची घरं बसवायची होती ना, म्हून लहान केलं."

ते हसले. त्याच्या डोक्यावर हात फिरवला, पेढा खाल्ला आणि गेले. मला वाटलं, संपलं.

आठवड्यानं सभा बोलावली. शिक्षक, समिती, हेडमास्तर. विषय काय, तर कॉम्प्युटरच्या खोलीतला आवाज. पोरं घरी उलटून बोलतात. काम सांगितलं की काहून विचारतात. लहान लेकरांच्या डोक्यात राजकारण भरलं जातंय. अध्यक्ष आवाज न चढवता बोलत होते. शेवटी तुझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, वस्ती नकाशात काहून आली, ते आमाला समजते. तुमी कुठल्या हाव ते बी समजते." हेडमास्तर खिशातल्या पेनाशी खेळत होते.

मी उठले. काय बोलणार होते ते अजून पाठ आहे मला. वस्ती मिलिंदनं मागितली, तांडा सवितानं मागितला, आणि जागा तुमच्या दुकानवाल्याच्या पोरानं करून दिली; मॅडम तर तोंडातून शब्द न काढता मागं बसल्या होत्या. यातलं पहिलं वाक्य निम्मं बाहेर पडलं, आणि तू माझा पदर ओढलास. जोरात. मी खुर्चीवर आदळलेच. आणि तू खाली बघून म्हणालीस, "चुकलं असंल सर, तर सुधरू."

त्या दिवसापासून खोलीत नवा नियम. एका पडद्यापुढं एकच पोरगं. ओठ मिटलेले. पुस्तकातल्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी टाइप करायच्या, घंटा झाली की उठायचं. गावाला ते फार आवडलं. आता कसं शाळेसारखं वाटतं, असं सगळे म्हणायचे. भिंतीपलीकडून मला नुसता बटणांचा खटखटाट ऐकू यायचा. सविताला तिचा नंबर आला की ती बसायची, अक्षरं शोधून दाबायची, उठायची. पुन्हा "हजर" एवढंच.

सेनगावच्या स्टँडवर आपण भांडलो ते सभेच्याच संध्याकाळी. दिवसभर लेकरांना बोलायला शिकवतेस आणि स्वतःवर आली तर माझंही तोंड दाबतेस, असं मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले. तू पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "नंदा, तू बोलली असती त लोक म्हनले असते, बाई तापट हाय. मी बोलले असते त काय म्हनले असते, ते तू आत्ता ऐकलंस. तुझं बोलणं बी माझ्याच नावावर लिहिलं असतं त्यांनी."

ते खरं होतं, म्हणून मी जास्त चिडले. पुढं कितीतरी दिवस एकाच जीपमध्ये आपण दोघी दोन टोकांना बसलो. मला वाटायचं, तू बोलावंस. तुलाही तेच वाटत असेल. जूनमध्ये तुझी बदली झाली, हट्टा गावाजवळच्या एका खेड्यात, घरापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. सोयीची बदली म्हणून ज्यांनी अर्ज केले होते ते जागेवर राहिले. तू अर्ज केला नव्हतास. तरी तू विरोधात एक ओळ लिहिली नाहीस. मी म्हटलं, मी लिहून देते, तू फक्त सही कर. तू म्हणालीस, राहू दे.

एकदा मी तुझ्या नव्या शाळेत आले होते, न सांगता. मनात कुठंतरी वाटत होतं, कॉम्प्युटर नसले तरी मंगलनं चार पोरांचे गोल करून काहीतरी चालवलं असेल. दारात उभी राहिले. तू फळ्यापाशी छडी धरून ओळ वाचत होतीस आणि सगळा वर्ग तुझ्यामागं एका सुरात तीच ओळ म्हणत होता. मला बघून तू ओशाळली नाहीस. पोरांना लिहायला लावलंस आणि मला पलीकडं चहाला नेलंस. कप पुढं सरकवताना म्हणालीस, "आता मी बी तशीच झाले, नंदा. तकलीफ कमी हाय." मी चहा प्यायले. त्या चहाची चव मला अजून सहन होत नाही. ज्यांनी तुला पाठवलं त्यांनासुद्धा एवढं अपेक्षित नव्हतं, मंगल. त्यांना तू फक्त तिथून जायला हवी होतीस.

मग तुझं आजारपण. नांदेडच्या दवाखान्यात मी आले तेव्हा पाय सुजले होते, चेहरा उतरला होता. मी ठरवून आले होते, की या वेळी विचारायचंच. सही का केली नाहीस, गोल का मोडलास, मला का ओढलंस. तू उशी पाठीशी घेतलीस आणि विचारलंस, संदीप काय करून राहिला. मी सांगितलं, बापाच्या दुकानात बसतो. सविता? सातवीनंतर आलीच नाही, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. तू मान हलवलीस. मग एकदम खांदे उचलून, हात छातीशी घेऊन, संदीपचं सोंग केलंस. "माझा नंबर हाय बे, सरक तिकडं." अगदी तोच आवाज. आपण इतक्या हसलो की नर्स येऊन रागावली. तुला खोकला आला, मी पाठ चोळली. त्यानंतर विचारणं जमलंच नाही. मला वाटलं, पुढच्या वेळी.

गेल्या शनिवारी आपल्या जुन्या शाळेत तुझी शोकसभा झाली. अध्यक्ष आले होते. हेडमास्तर आता केंद्रप्रमुख झालेत, तेही वेळ काढून आले. त्यांनी तुला शांत, शिस्तप्रिय आणि कमी बोलणारी शिक्षिका म्हटलं. नंतर माझं नाव पुकारलं. या वेळी पदर ओढायला कुणी नव्हतं. मी सगळं बोलले. तराजू, नकाशा, ती सभा, अध्यक्षांचं वाक्य जसंच्या तसं, बदली. एक शब्द गाळला नाही.

खाली बसले तर सगळे मान डोलावत होते. सभा संपल्यावर केंद्रप्रमुख जवळ आले, हात जोडले आणि म्हणाले, "छान बोललात मॅडम. तो नकाशा मला बी फार आवडला होता." थट्टा नव्हती त्यात. त्यांना दुसरं काही आठवतच नव्हतं. अध्यक्ष ओट्यावर चहा पीत होते. मला बघून त्यांनी शेजारच्याला सांगितलं, मॅडमला बी चहा द्या.

तुझी लेक प्रज्ञा माझ्याबरोबर निघाली. सेनगावच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत आपण उभ्या राहायचो, तिथंच आम्ही उभ्या होतो. ती अकरावीत आहे आता. उंची तुझ्यावर गेलीय. म्हणाली, "मावशी, हे आईनं घरी कधीच सांगितलं न्हाई." मग तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली. कोण काय बोललं, कुठं बसलं होतं, त्याच्यानंतर काय झालं. मी सांगत गेले. आपलं स्टँडवरचं भांडण, जीपमधली दोन टोकं, हट्ट्याकडचा तो चहा, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की मी तिच्यापुढं तुझी तक्रार करतेय, तू समोर उभी असल्यासारखी.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमी दोघी एकमेकींशीच भांडत राहिल्या. आन् त्या लोकांचं काय झालं?"

मी खरंच आठवून पाहिलं. कुणाला नोटीस गेली का, कुणाची बदली झाली का, कुणाच्या घरी कुणी साधं विचारायला तरी गेलं का.

"काही न्हाई झालं," मी म्हणाले.

तेवढ्यात हिंगोलीची जीप लागली. प्रज्ञा आधी चढली, खिडकीपाशी बसली आणि बॅग मांडीवर घेऊन बाहेर बघत राहिली. मी तिच्या शेजारी बसले.

— नंदा